झाकणाखालची धग

वैशाखरे गावातल्या सगळ्यांचे राब भाजून झाले होते. एकट्या धाऊ हरडाचा राहिला होता, आणि राहिला होता तो चंद्रापायी. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. गावही हसलंच.

राब म्हणजे काय, ते ज्यांनी भातशेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगून टाकू. पावसाळ्याआधी भाताचं रोप टाकायची जागा भाजून काढतात. खाली शेण, त्यावर रानातून तोडून वाळवलेल्या फांद्यांचा टहाळ, त्यावर पाला आणि गवत, सगळ्यात वर मातीचा थर. वारा ज्या टोकाकडे जातो त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते. तण मरतं, माती मोकळी होते, रोप जोमानं उठतं. शिमग्याच्या आगेमागे उरकायचं हे काम. यात चंद्र कुठून आला?

तो आणला धाऊच्या लेकीनं. भूमिका पुण्याला पीएचडी करत होती, आणि चंद्राचं कवच कसं तयार झालं, चंद्र निवायला किती काळ गेला, हा तिचा विषय होता. कोणी धाऊला विचारलं, पोरगी काय शिकते रे, तर तो म्हणायचा, "चंद्राचा ताप बघते." गंमत म्हणून म्हणायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं.

चंद्र नवा होता तेव्हा तापलेला होता. किती, तर त्याच्या अंगावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, शेकडो किलोमीटर खोल. तो निवू लागला तशी जड खनिजं तळाला बसत गेली. मग एक पांढरट, हलकं खनिज तयार झालं, ते मात्र बुडेना. ते वर तरंगत आलं आणि त्याचंच कवच धरलं. पुनवेला आपण बघतो तो चंद्राचा पांढरा भाग म्हणजे तेच कवच. इथपर्यंत बहुतेकांचं एकमत आहे. आपलं यान चंद्राच्या दक्षिण टोकाकडे उतरलं, त्यालाही तिथल्या मातीत याच गोष्टीच्या खुणा मिळाल्या. भांडण आहे ते पुढचं. कवच धरेपर्यंत समुद्र भराभर निवतो, त्याचा मोठा भाग हजारभर वर्षांत घट्ट होऊन जातो. पण एकदा वर झाकण बसलं की आतल्या धगीला वाट राहत नाही, आणि उरलासुरला रस घट्ट व्हायला कोट्यवधी वर्षं घेतो.

ती किती कोटी, यावर भूमिकाचं घोडं अडलं होतं. तिच्या गणितातला चंद्र निवायचं नावच घेत नव्हता. आणि तिच्यासमोर ज्या चंद्रशिलांची वयं होती, त्या सांगत होत्या की बाई, आम्ही त्याच्या बरंच आधी घट्ट झालो.

तिच्या गाइड बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चंद्र लांब आहे. आधी तुझं गणित इथे जमिनीवर तरी बरोबर चालतं का ते दाखव. काहीतरी तापलेलं घे, वरून झाक, निवताना मोज, आणि तेच गणिताला विचार. जुळलं तर पुढच्या सेमिनारला उभी राहा. नाही जुळलं तर मी तुझ्या मुदतवाढीवर सही करणार नाही." फेलोशिप पावसाळ्याआधी संपत होती. म्हणजे जे काय करायचं ते आत्ता, आणि एका दमात.

तेव्हा भूमिकाला राब आठवला.

ती आली तेव्हा धाऊचाही राब रचून तयार होता. तो तिनं थांबवला आणि कोपऱ्यातला तुकडा मागून घेतला. तिथे बांधावरचे काळे धोंडे आणून मध्ये रचले, त्यांच्याभोवती शेण आणि टहाळ कंबरेएवढा चढवला, आणि वरून माती लिंपली. जागोजाग तापमान मोजायच्या तारा खोचल्या, त्यांची टोकं आकडे साठवणाऱ्या एका डबीला जोडली, आणि डबी फणसाच्या सावलीत ठेवली. धाऊ कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"राबाचा ढीग करून कोणी भाजतं का गो?" तो म्हणाला. "जमीन एवढी, आणि जाळ तेवढ्या कोपऱ्यात."

"बाकीचा तुमचा तुमी भाजा, बाबा. एवढा कोपरा माझा."

"पुढल्या साली टहाळ तोडायला ये म्हणजे झालं."

तो म्हणाला ते खरंच होतं. रानातला टहाळ तोडून आणणं म्हणजे कंबरडं मोडायचं काम, आणि ते वर्षातून एकदाच होतं. हा ढीग जळला की पुन्हा जाळायला गावात काही उरणार नव्हतं. हे भूमिकाला चांगलं माहीत होतं, म्हणूनच ती तारा खोचताना श्वास रोखून खोचत होती.

माती लिंपायला हौसा होती. हौसा म्हणजे धाऊची थोरली बहीण, भूमिकाची आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे परत आली. त्यानंतर दोन-एक वर्षांत धाऊची बायको गेली आणि रांगती भूमिका हौसाच्या पदरात पडली. पोरीला न्हाऊमाखू घालणं, शाळेच्या वाटेवर सोडणं, बारावीला शहापूरला ठेवलं तेव्हा दर आठवड्याला मुरबाडवरून डबा घेऊन जाणं, हे सगळं हौसानं केलं. बोलायला तिखट, पण हात मात्र सदा काहीतरी देत असायचा.

"एवढा उंच कशाला गो?" तिनं विचारलं.

"आत धग राहायला पायजे."

"राबात धग राहून काय करायचंय? माती भाजली की झाला."

भूमिकानं सोपं करून सांगायचं ठरवलं. पुण्यात ती शाळांमधून असं बोलायला जायची आणि मुलांना ते आवडायचं. "दुधावर साय धरते ना आत्या? सायीखाली दूध किती वेळ गरम राहतं. चंद्रावर तशीच साय धरली होती. खालचा रस किती वेळ गरम राहिला, ते मला बघायचंय."

"किती वेळ राहिला?"

"काही कोटी वर्षं."

हौसानं ओंजळभर माती ढिगावर थापली, हात झाडला आणि जरा विचार केला. "मग नासला कसा नाय?" ती म्हणाली.

भूमिका इतकी हसली की एक तार निसटली, आणि ती परत खोचावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काडी लावली. दिवसभर ढीग धुमसला, रात्रीही धुमसला, आणि मग आतलं जळण संपलं. आता उरली तापलेली राख, तापलेले धोंडे आणि वर भाजून कडक झालेलं मातीचं कवच. भूमिकाला हेच हवं होतं. जळण संपल्यानंतर आत नवी धग तयार होत नव्हती, होती तेवढीच झिरपत होती. तिनं लॅपटॉप डबीला जोडला. पडद्यावरची रेघ अगदी अलगद, जवळजवळ दिसणार नाही अशी उतरत होती. तिचं गणित जे म्हणत होतं, तंतोतंत तसंच. दिवसभर ती रेघेकडे बघून मनातल्या मनात खूश होत राहिली.

त्यानंतरच्या दिवशी तिला मुरबाडला जायचं होतं. गाइड बाईंशी ऑनलाइन बोलायचं होतं, आणि वैशाखऱ्यात रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ एका ठरावीक ठिकाणी मान वाकडी करून उभं राहिलं तर मिळायची. निघताना तिनं हौसाला बजावलं, "आत्या, ढिगाजवळ कोणाला येऊ देऊ नको. शेळ्या नाय, गुरं नाय, पोरं नाय. बाबांनी कुदळ घेतली तर त्यांनाबी ओरड."

"तू जा गो निश्चिंत. मी बसते इथंच."

आणि ती बसली. हौसाचा शब्द म्हणजे शब्द. फक्त एक झालं. कोणाकोणाला येऊ द्यायचं नाही ते भूमिकानं सांगितलं, पण त्यात रताळ्यांचं नाव नव्हतं.

मुरबाडला एका ओळखीच्या झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत बसून भूमिका बाईंशी बोलली. रेघ दाखवली. बाई सहसा कौतुक करत नसत. त्या म्हणाल्या, "हे छान आहे. अजून दोन दिवस असंच उतरू दे, मग आपल्याकडे दाखवायला काहीतरी आहे." भूमिकानं येताना जिलेबी घेतली. जीपमध्ये चौघांच्या सीटवर सहा जण होते, टोकावड्यापर्यंत एका म्हाताऱ्याची कोंबडी तिच्या पायावर बसून होती, पण तिला कशाचं काही वाटलं नाही.

दिवस मावळता मावळता ती शेतावर पोचली. हौसा बांधावर काठी आडवी घेऊन बसली होती, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. चेहरा उन्हानं काळवंडला होता, आणि तिला सांगायचं होतं पुष्कळ.

"शेजारच्या लहानीच्या शेळ्या आल्या व्हत्या. दोनदा. दुसऱ्या बारीला लहानीलाच सुनावला, म्हटलं चंद्राचं काम चाललंय इथं. तवापासून ती माझ्याशी बोलत नाय." हे सांगताना ती खूश होती.

भूमिका जिलेबीची पुडी तिच्या हातात देऊन फणसाखाली गेली. लॅपटॉप जोडला. आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

रेघ सकाळपर्यंत होती तशी होती. त्यानंतर ती पायरी उतरल्यासारखी खाली आली होती. मग जरा सरळ, मग पुन्हा खाली. एका तारेची नव्हे, सगळ्यांची, कोणाची जास्त तर कोणाची कमी. आधी तिला वाटलं, तार तुटली. तिनं जोड तपासले. जोड ठीक होते. मग ती उठून ढिगापाशी गेली.

भाजलेल्या मातीवर राखेनं भरलेल्या हाताचे पंजे उमटले होते. जागोजाग माती उकरून परत ओढल्याच्या खुणा होत्या, आणि ओढलेली माती नीट बसली नव्हती. भाजलेलं कवच एकदा फुटलं की ते परत सांधत नाही. फटींतून गरम हवा वर येत होती, हात धरला की कळत होती.

"आत्या, ढिगाला हात कोणी लावला?"

"कोणाची टाप हाय? मी बसलेली नाय का सकाळपासून?"

"मग ही भोकं?"

"ती व्हय," हौसा म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "ती रताळ्यांची. राख कशी बेस पडलीय आत. राबाच्या राखेत रताळं घातलं नाय असा एक साल गेला नाय आपल्याकडं. तुझ्यासाठीच घातलीत, तू आपल्या हातानं काढ."

भूमिका लहान असताना हे दर वर्षी व्हायचं. राब भाजला की हौसा राखेत रताळी घालायची आणि पोरीनं ती काठीनं उकरून काढायची, हा त्या घरातला ठरलेला सोहळा होता. त्याला हौसा ‘राबाला हात लावणं’ म्हणतच नव्हती. धग आहे आणि आत काही घातलेलं नाही, असा राब तिच्या समजुतीत बसत नव्हता. हे सगळं भूमिकाला कळत होतं, एका बाजूला कळत होतं. दुसऱ्या बाजूला तिला इतका राग आला होता की कानशिलं तापली.

ती बोलली ते पुण्याच्या भाषेत बोलली. घरच्यांशी ती अशी कधी बोलत नसे, म्हणून ते जास्त लागलं.

"एक काम सांगितलं होतं तुला. एकच. माझी चार वर्षं आहेत त्या ढिगात, आणि तू रताळी भाजत बसलीस." तिथे ती थांबली असती तरी चाललं असतं. "म्हणूनच मी घरी येत नाही. इथे कोणाला काही सांगून उपयोगच नसतो."

हौसानं जिलेबीची पुडी बांधावर ठेवली, काठी उचलली आणि घराच्या वाटेला लागली. भूमिका तिच्या पाठीकडे बघत राहिली. हाक मारावी असं तिला वाटलं, आणि मारली नाही.

जेवताना धाऊनं विषय काढला. तो कोणाची बाजू घेणारा माणूस नव्हता. भाताचा घास कालवत, पोरीकडे न बघता तो म्हणाला, "हौसाबाय सकाळपासून जेवली नाय. भाकर घेऊन मी गेलो शेतावर, तर म्हणते राखण सोडून हात धुवायला कशी जाऊ."

भूमिका ताटातला भात चिवडत राहिली.

"आणि ती रताळी धसईच्या बाजारची. शिवरातीला आणलेली. तू येते म्हणालीस, आली नाहीस. तवापासून चुलीच्या राखेत पुरून ठेवली व्हती, कोणाला हात लावू दिला नाय. मला एक नाय दिला." एवढं सांगून तो उठला आणि हात धुवायला गेला.

भूमिकाला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. तिनं ठरवलं की सकाळच्या पहिल्या जीपनं निघायचं. राहून काय करायचं होतं? रेघेवर पाणी फिरलं होतं, बाईंना काय सांगायचं ते कल्याणपर्यंत सुचलं असतं.

सकाळी बॅग भरून ती तारा सोडवायला शेतावर गेली. निघण्याआधी सवयीनं तिनं रेघ एकदा पाहिली. जीप जाईपर्यंत वेळ होता, म्हणून पाहिली, असंच म्हणायचं. आणि बघता बघता तिचा हात कळफलकावरून खाली आला.

रेघ बिघडलेली नव्हती. ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरली होती, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक भोक. ज्या तारेजवळ भोक पडलं तिची रेघ आधी उतरली, लांबच्या तारेची नंतर. झाकण फुटलं की ढीग किती भराभर निवतो, ते कोणी मुद्दाम मांडून दाखवावं तसं समोर होतं.

आणि ही गोष्ट तिला नवी नव्हती, हे सांगितलं पाहिजे. उगाच कोणाला मोठं करण्यात अर्थ नाही. चंद्र निवत होता त्या काळात आभाळातून त्याच्यावर दगडधोंड्यांचा मारा चालला होता, ते कवच फोडून आत घुसत होते, आणि त्या भोकांतून धग बाहेर पडली असणार, असं इतरांनी आधीच लिहून ठेवलं होतं. तिनं ते वाचलंही होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं, कारण भोकं घेतली की गणित किचकट होत होतं आणि अखंड झाकण सोयीचं होतं. चार वर्षं तिचा चंद्र अखंड झाकणाखाली उकडत बसला होता.

ती बॅग तिथेच टाकून घराकडे पळाली. कारण आता तिला एक गोष्ट कळायला हवी होती: भोकं किती, किती खोल, आणि कोणतं कधी पाडलं. ते कळलं तर हीच रेघ बाईंसमोर ठेवता येणार होती. नाही कळलं तर ती नुसती खाली पडलेली रेघ होती, आणि तिला कोणी विचारलं नसतं. हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं.

हौसा चुलीपुढे बसली होती. भूमिकानं विचारलं. हौसानं लाकूड आत सारलं.

"मला काय कळतंय गो," ती म्हणाली. "मी काय केलाच नाय."

"आत्या, खरंच पायजे मला. रागानं नाय विचारत."

"मी राखण केली. बाकी मला ठाव नाय."

अशा माणसापुढे कोणाचं काय चालतं? भूमिका उंबऱ्यातून मागं फिरली. ढिगापाशी येऊन तिनं एक काठी घेतली आणि एका पंज्याच्या खुणेपाशी उकरायला लागली. दुसरं काही सुचत नव्हतं. भोकं मोजता आली तर मोजावीत, एवढंच डोक्यात होतं. सवय सुटलेली होती. काठी रताळ्यात घुसली आणि रताळ्याचे दोन तुकडे झाले.

"तशी खुपसू नको," मागून आवाज आला.

हौसा बांधावर उभी होती. कधी आली कळलं नाही. "बाजूनं उकर. एवढी शिकलीस, रताळं काढायला विसरलीस."

भूमिकानं बाजूनं उकरलं. रताळं अख्खं निघालं. तिनं राख झटकून सोललं आणि चावा घेतला. "कच्चं हाय गो हे," ती म्हणाली.

"असणारच. ते उशिराचं. गुरं घराकडं वळली तवा घातलेलं, तवर धग कुठं राहिलेली?"

भूमिकानं घास गिळला. हळूच, काही झालंच नाही अशा सुरात, तिनं पलीकडच्या खुणेकडे काठी दाखवली. "आणि हे?"

"ते झालं असंल. मुरबाडची एसटी गेली ना दुपारची, त्याच्या जराशी आधी. त्याच्या शेजारची दोन त्याच टायमाला. एक कोपरभर खोल, एक जरा वरती."

भूमिकानं उकरलं, सोललं, खाल्लं. झालेलं होतं. तिसऱ्याची नुसती साल करपलेली होती. प्रत्येक रताळ्याला हौसा सांगत गेली, ते कधी घातलं, किती खोल घातलं, लहानीच्या शेळ्या आल्या तेव्हा कोणतं अर्धवट राहिलं आणि त्याचं भोक किती वेळ उघडं पडलं. चंद्राचं ती काही सांगत नव्हती. ती रताळ्यांचं सांगत होती, आणि रताळ्यांच्या बाबतीत तिला काही विचारलं तर गप्प बसणं तिच्यानं होत नव्हतं. भूमिकानं काही लिहून घेतलं नाही. लिहायला घेतलं तर आत्या परत मिटेल, अशी तिला भीती वाटत होती. तिनं सगळं खात खात पाठ केलं.

त्या पाठ केलेल्याचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकू, म्हणजे जीव टांगणीला नको. तिनं गणितात त्याच वेळी, त्याच ठिकाणी, तेवढीच भोकं पाडली, आणि गणितातला ढीग खऱ्या ढिगासारखा निवला. मग चंद्राच्या कवचाला भोकं पाडली, तर चंद्रही आधीपेक्षा बराच लवकर निवला. दगडांच्या वयांशी पुरता जुळला असं नाही, पण भांडता येईल इतका जवळ आला. बाईंनी सही केली. सेमिनारला एकानं विचारलं की प्रयोगात भोकं मुद्दाम पाडली होती का. भूमिका म्हणाली, माझ्या आत्यानं पाडली. लोकांना वाटलं ती विनोद करतेय.

पण त्या सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. राखेनं हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते, भुकेपेक्षा जास्त रताळी पोटात गेली होती, आणि खुणा संपल्या होत्या.

"झाली सगळी?" भूमिकानं विचारलं.

हौसा खाली आली, तिच्याशेजारी उकिडवी बसली, आणि ढिगाच्या मधोमध, जिथे वर एकही खूण नव्हती, तिथे बोट दाखवलं. "एक हाय. तू जीपमध्ये बसलीस तवाच घातलेलं. सगळ्यात मोठं. ते खोल घातलं आणि वरनं माती चांगली दाबली, म्हणून दिसत नाय."

भूमिकानं बाजूनं उकरलं. काठी हातभर आत गेली तेव्हा रताळं लागलं. साल कोळशासारखी काळी आणि हाताला कोमट. तिनं ते मोडलं आणि आतून वाफ आली. धीर नव्हता, तिनं तसाच चावा घेतला आणि जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं. ते जिभेचं होतं की आणखी कशाचं, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

"हळू खा," हौसा म्हणाली. "कोण पळवतंय?"

"आत्या, काल मी बोलले ते चुकलं माझं."

हौसानं राखेत पडलेला सालीचा तुकडा उचलला आणि बांधापलीकडे टाकला. "घरी येत नाय ते आमच्यामुळं, असं म्हणालीस."

"म्हणाले. खरं नाय ते. कामाचं निमित्त सांगते, आणि मग सवय होते."

वर रस्त्यावरून माळशेजला जाणारी एक गाडी गेली.

"पुढल्या राबाला येशील?"

"येईन. भोकं तूच पाड. पण कुठं पाडलीस आणि कधी, ते मला सांगत जा."

"सांगीन की," हौसा म्हणाली. तिनं उरलेल्या रताळ्याचा अर्धा भाग मोडून आपल्याकडे घेतला. कालपासूनचा तिचा तो पहिला घास होता. "खायला तू इथं असलीस म्हणजे सांगीन. नसलीस तर कोणाला सांगू?"